स्वेटरवरून घेतलेलं माप

त्या घरातल्या सुनेला दोन सासवा होत्या, एक बाहेरची आणि एक आतली. बाहेरची म्हणजे शिवणकाम करणारी, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा घरभर शोधणारी, साठीला टेकलेली बाई. आणि आतली म्हणजे तिचीच डावी किडनी, जी गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्यातून काढून सुनेच्या पोटात बसवली होती. लोकांच्या सासवा दारात उभं राहून लक्ष ठेवतात, माझी तर आतच शिरून बसलीय, असं सून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सासू गालातल्या गालात हसत सुईत दोरा ओवायची.

किडनी द्यायची वेळ आली तेव्हा फार काही नाट्य झालं नव्हतं. मुलाचा रक्तगट जुळला नाही, सुनेच्या आईला साखरेचा त्रास, मग राहिलं कोण? सासूनं समोरची पँट उसवता उसवता सांगून टाकलं, माझ्याकडे दोन आहेत, एक घ्या. जास्तीचं बटण काढून द्यावं तसं. मुलगा रडला, सून रडली, आणि सासूनं दोघांना दटावलं की कापडावर पाणी पडलं तर डाग राहतो.

खरं नाट्य पुढे होतं, ते घड्याळाचं. परक्याची किडनी अंगात आली की अंगातले पहारेकरी तिच्यावर धावून जातात, म्हणून त्यांना गुंगीत ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्यातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या औषधाच्या दोन गोळ्या सकाळी आठला आणि दोन संध्याकाळी आठला, मिनिटाचाही फरक नको. आणि हे काम घेतलं कुणी? जिनं उभ्या आयुष्यात एक पँट कबूल केलेल्या दिवशी दिली नव्हती तिनं. सोमवारी या म्हणायची आणि गुरुवारी काज करायला बसायची. पण या गोळ्यांच्या बाबतीत बाई अशी काही पालटली की गल्लीतल्या लोकांनी तिच्या हाकेवर घड्याळं लावावीत. आठला एक मिनिट कमी असताना डाव्या हातात पाण्याचा पेला, उजव्या तळव्यावर दोन गोळ्या. सून आंघोळीला गेलेली असली तर दाराबाहेरून हाका. वर्षभरात एकदाही चुकली नाही. हॉस्पिटलातली फोनवाली सिस्टर, म्हणजे असल्या सगळ्या पेशंटांना फोन करून धाकात ठेवणारी, ती एकदा म्हणाली होती की मला तुमच्यासारख्या दहा सासवा मिळाल्या तर माझं काम निम्मं होईल. त्या एका वाक्यावर सासू महिनाभर तरंगत होती.

आणि मग तो व्हायरस आला.

तसा तो आलेलाच होता, म्हणे. सुनेला बारीक ताप येऊ लागला, पोट बिघडलं, जेवण नकोसं झालं. रक्त तपासलं तर हा व्हायरस अंगभर पसरलेला. डॉक्टर तरुण होते, त्यांना समोरच्या कागदावर चित्रं काढून सांगायची खोड होती. त्यांनी दोन गोल काढले आणि एकात ठिपका. हा व्हायरस पुष्कळ लोकांच्या अंगात लहानपणापासून असतो, निजलेला, कुणाला त्रास देत नाही. तुमच्या अंगात होता, हिच्या नव्हता. त्यांनी ठिपक्यापासून दुसऱ्या गोलापर्यंत बाण काढला. किडनीबरोबर तो तिकडे गेला. तिकडचे पहारेकरी आपणच गुंगीत ठेवलेत, त्यामुळे त्याला रान मोकळं. म्हणून तर पहिले सहा महिने त्याच्यावरची गोळी दिली होती, ती बंद केल्यावर त्यानं डोकं वर काढलं. हे सगळं ऑपरेशनच्या आधीही समजावलं होतं. सासूनं तेव्हा मान डोलावली होती, पण तेव्हा तिचं सगळं लक्ष आपली किडनी म्हातारी तर ठरणार नाही ना, याच काळजीत होतं.

यात कुणाची चूक नाही, औषध आहे, तो आटोक्यात येतो, असंही डॉक्टर म्हणाले. पण सासूच्या कानांनी बाणापुढचं काही ऐकलंच नाही. घरी आल्यावर ती दोन दिवस मशीनवर बसली नाही. आपण पोरीला जीव दिला अशा तोऱ्यात वर्षभर मिरवलो आणि त्याच पुडक्यातून दुखणंही बांधून दिलं, हे तिच्या मनातून जाईना. सून थट्टा करून बघायची. घरातून निघताना लोक शिदोरी देतात, तुम्ही व्हायरस दिलात, म्हणायची. सासू हसायची, पण हसणं ओठांपुरतंच.

उपचार सुरू झाले. व्हायरसवरच्या गोळ्या चालू झाल्या. पहारेकऱ्यांना जरा डोळे उघडता यावेत म्हणून गुंगीच्या दोन औषधांपैकी एक डॉक्टरांनी काही दिवस बंद केलं. म्हणजे आता किडनी सांभाळायचा सगळा भार आठच्या गोळ्यांवर. त्या कमी पडल्या तर पहारेकरी किडनीवर उठणार, जास्त झाल्या तर व्हायरस माजणार. त्यामुळे दर आठवड्याला रक्त द्यायचं, व्हायरस किती उरला ते एका नळीत आणि आठच्या गोळ्यांचं औषध रक्तात किती आहे ते दुसऱ्या नळीत.

या दुसऱ्या नळीचा एक नियम होता. रक्त द्यायच्या सकाळी गोळ्या घ्यायच्या नाहीत. आधी रक्त, मग गोळ्या. या सकाळी एरवी मुलगा सांभाळायचा. दोन गोळ्या बटणांच्या रिकाम्या डबीत घालून न्यायचा आणि सुई निघाली की द्यायचा. डबीच्या झाकणावर सुनेनं ब्रशनं एक चष्मा काढला होता. ती लहान मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवायची. मुलांच्या सर्दीखोकल्यापासून लांब राहायला सांगितलेलं, त्यामुळे वर्षभर शाळा सुटली होती आणि तिचा जीव तिकडे अडकला होता. हा व्हायरस गेला की पुढच्या सत्रात जायचं, असं डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. म्हणून ती दिसेल त्या डबीवर चित्रं काढायची.

त्या आठवड्यात मुलगा घरी नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि एका दूरच्या इमारतीत चार लिफ्ट एकदम बसवायचं काम निघालं होतं. जाताना त्यानं आईला तीनदा बजावलं, आधी रक्त, मग गोळ्या. आई म्हणाली, तुला चालायला कुणी शिकवलं? विषय संपला.

रक्त द्यायच्या दिवशी सासू पहाटे पाचला उठली. फाईल, मास्क, उकळून गार केलेलं पाणी, उलटी झालीच तर पिशवी, सगळं दारापाशी मांडलं. डबी पर्समध्ये टाकली, गोळ्या निघताना त्यात घालू म्हणून. सून पलंगावर तापानं गळून पडली होती. रिक्षावाल्याला फोन केला, तो येतोच म्हणाला. एवढ्यात भिंतीवरचं घड्याळ आठवर आलं.

आणि हात गेला. वर्षभर गेला तसाच, आपोआप. डाव्या हातात पेला, उजव्या तळव्यावर दोन गोळ्या. सुनेनं अर्धवट डोळे उघडून तोंड उघडलं, गिळलं, परत उशीवर टेकली. सासूनं पेला विसळून पालथा घातला आणि समाधानानं चपला घातल्या. काय म्हणावं या बाईला?

हॉस्पिटलात सव्वानऊला रक्त घेतलं. सुनेनं दंडावर कापूस दाबून धरला. सासूनं पर्समधून डबी काढली, झाकण उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. सकाळचे आठ, पेला, सुनेचं उघडलेलं तोंड, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिनं झाकण लावलं, डबी पर्सच्या तळाशी कोंबली आणि पाणी आणते म्हणून उठली. परत आली तर सून डोळे मिटून बसलेली. ती शेजारी बसताच सुनेनं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. गोळ्यांचं नावही काढलं नाही, तेव्हा सासूला वाटलं की तापात विसरली. तिनं स्वतःची समजूत काढली. गोळ्या पोटात गेल्या हे महत्त्वाचं, तास इकडे की तास तिकडे. रिक्षात बसेपर्यंत तिनं हे स्वतःला दहा वेळा सांगितलं होतं, आणि खरी गोष्ट कुणाला दहा वेळा सांगावी लागत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दुपारी चारला फोन आला. सून झोपली होती, सासूनं घेतला. फोनवाली सिस्टर म्हणाली, रक्तात आठचं औषध जवळजवळ दुप्पट निघालंय. इतकं औषध अंगात राहिलं तर व्हायरसचं फावेल, म्हणून डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय. आज रात्री आठपासून दोनऐवजी एकच गोळी, आणि पुढचं रक्त पुढच्या आठवड्यात. सासू खडूनं कापडाच्या तुकड्यावर लिहून घेत होती. सिस्टरनं फोन ठेवता ठेवता विचारलं, नेहमीचाच प्रश्न, उत्तर माहीत असल्यासारखा.

"सकाळच्या गोळ्या रक्त दिल्यावरच घेतल्या ना?"

"हो," सासू म्हणाली.

जीभ पुढे निघून गेली, बाई मागे राहिली. सिस्टर म्हणाली, तुमच्याकडे काय विचारायचं म्हणा, आणि फोन ठेवला. सासू हातात खडू धरून तशीच उभी राहिली.

मग ती मशीनवर बसली, कारण हात रिकामे राहिले की तिला सुचत नसे. समोर एक कोट पडला होता. त्या कोटाच्या मालकाची एक गंमत होती. गेल्या थंडीत तो माप द्यायला आला तो जाडजूड स्वेटर घालून. काढा म्हटलं तर म्हणाला, असू दे हो, बोटभर फरक. तिनंही आळस केला आणि स्वेटरवरूनच टेप फिरवली. कोट झाला तर त्यात त्याच्यासारखा दीड माणूस मावेल. तो कोट आता आत घ्यायला परत आला होता. सासूनं खांद्याची शिवण चिमटीत धरली आणि तिचा हात थांबला.

आज सकाळीही तेच झालं होतं. पोरीनं ताज्या गोळ्या अंगावर चढवल्या होत्या आणि त्यावरून माप घेतलं गेलं. रात्रीपासून सकाळपर्यंत अंगात खरोखर किती उरतं ते मोजायचं होतं, म्हणून आधी रक्त. मुलानं तीनदा सांगितलेलं आत्ता कुठे डोक्यात शिरलं. माप खोटं होतं. आणि त्या खोट्या मापावर डॉक्टर आज रात्री आठला कात्री चालवणार होते. एक औषध आधीच बंद, दुसरं निम्मं. मग त्या पहारेकऱ्यांना किडनीवर धावायला अडवणार कोण? आणि पुढचं रक्त तर आठवड्यानं.

चाळीस वर्षांच्या धंद्यात तिचा एकच नियम होता. कात्री चुकली की कात्री खाली ठेवायची आणि गिऱ्हाईकाला बोलवायचं. वरून इस्त्री फिरवून माल पुढे सरकवायचा नाही. हाताखाली शिकलेल्या तीन मुलींना तिनं शिवण नंतर आणि हा नियम आधी शिकवला होता. एकदा एका नवरदेवाच्या कोटाची बाही आखूड कापली तेव्हा लग्नाच्या चार दिवस आधी त्याच्या घरी जाऊन उभी राहिली होती आणि सगळ्या वऱ्हाडाच्या देखत बोलणी खाल्ली होती. ती बाई आज एका फोनवर हो म्हणून बसली होती.

कारण कापडाची चूक वेगळी, ही वेगळी. आधी व्हायरस आपलाच, आता हे. पोरगी आपल्याकडे कोणत्या नजरेनं बघेल? उद्यापासून पेला दुसऱ्या कुणाच्या हातात देईल. आठ वाजता तोंड उघडायच्या आधी तळव्यावर काय आहे ते तपासून घेईल. बाईला किडनी देताना एवढी भीती वाटली नव्हती. पाच वाजले, सहा वाजले. तिनं कोटाची शिवण उसवली, घातली, परत उसवली. साडेसहाला तिनं चष्मा काढला, मशीनवर ठेवला आणि सुनेच्या खोलीत गेली.

सून उठून बसली होती, मांडीवर कागद घेऊन काहीतरी रेखाटत होती. सासू पलंगाच्या कडेला बसली. सुरुवात कशी करावी कळेना, म्हणून तिनं कोटाच्या मालकाची गोष्ट सांगायला घेतली. सून हसायला लागली, दीड माणूस म्हटल्यावर तर फारच. सासू हसली नाही.

"आज तुझं माप मी तसं घेतलंय," ती म्हणाली. "आठला गोळ्या दिल्या मी तुला. रक्ताच्या आधी. सिस्टरनं विचारलं तर खोटं बोलले. आता ते औषध निम्मं करायला निघालेत."

सुनेची पेन्सिल थांबली. तिचा चेहरा बघवेना म्हणून सासू स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिली.

"मला माहीत होतं," सून म्हणाली.

तिला हॉस्पिटलातच कळलं होतं. डबी उघडली तेव्हा ती रिकामी दिसली, सासूचा चेहरा पांढराफटक पडलेला दिसला, आणि सकाळचं घड्याळ आठवलं. व्हायरसवरून आधीच इतकी खचलेली बाई, तिला आणखी कशाला टोचा, म्हणून ती गप्प बसली. पुढच्या वेळी डॉक्टरांना हळूच सांगू, तोवर आठवड्यानं काय होतंय, असा तिचा हिशोब. औषध निम्मं होणार आहे हे तिला कुठे माहीत होतं? तो फोन सासूनं घेतला होता आणि पोटात ठेवला होता. म्हणजे बघा, एकीनं दुसरीला जपलं, दुसरीनं पहिलीला जपलं, आणि या जपाजपीत ती बिचारी किडनी मात्र मरता मरता वाचली. त्या घरात प्रेम थोडं कमी असतं तर चूक दहा मिनिटांत उघडी पडली असती.

"तुला काही झालं असतं ना," सासू म्हणाली आणि रडायलाच लागली. "मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं गं?"

सुनेनं कागद बाजूला सारला आणि तिचे दोन्ही हात धरले. "आई, किडनी तुमची, व्हायरस तुमचा आणि आता चूकही तुमची. बाहेरचं काहीच नाही, सगळं घरचंच आहे. फोन लावा."

सासू रडत रडत हसली. तशीच नाक पुसत फोन लावला. पलीकडून सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं असे कान उपटले की सुनेलाही पलंगावरून ऐकू येत होतं. माणसं चुकतात त्याचं मला काही वाटत नाही, पण हो म्हणालात त्याचा मला राग आला, मी डॉक्टरांना त्या 'हो'वर विसंबून सांगितलं. सासू प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती, जशी काही सिस्टर समोर उभी आहे. पाच मिनिटांनी डॉक्टरांना विचारून परत फोन आला. आज रात्री आठला दोन्ही गोळ्या नेहमीसारख्या, उद्या सकाळी पुन्हा रक्त. आणि डबी मला दाखवायची, भरलेली.

आठला एक मिनिट कमी असताना सासू खोलीच्या दारात उभी राहिली, पण आत येईना. तिनं दोन गोळ्या ताटलीत ठेवल्या आणि ताटली पुढे केली, तुझी तू बघून घे म्हणून. सुनेनं ताटलीकडे बघितलंही नाही. तिनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. सासूच्या हातानं घेईन नाहीतर घेणार नाही, असा तो हट्ट होता, आणि घड्याळ तर थांबणारं नव्हतं. सासूनं डोळे पुसले आणि गोळ्या तिच्या जिभेवर ठेवल्या.

दुसऱ्या सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर बरोबर आठला सासूचा उजवा हात पर्सकडे सरकला. सुनेनं तो वरच्यावर पकडला आणि रक्त घेईपर्यंत सोडला नाही. त्याआधी सिस्टर येऊन डबी बघून गेली, चष्म्याच्या चित्राला हसली आणि मग हसल्याबद्दल स्वतःवरच चिडल्यासारखी निघून गेली. दुपारी तिचा फोन आला. खरं माप जेमतेम पुरेल एवढंच होतं, रेषेच्या अगदी काठावर. निम्मं केलं असतं तर पुढच्या आठवड्यात मी या आवाजात बोलले नसते, एवढंच ती म्हणाली. सासूनं फोन ठेवला आणि काही वेळ मशीनच्या चाकावर डोकं टेकून बसली.

मुलगा शनिवारी आला. तोवर सुनेचा ताप उतरला होता, आणि व्हायरसची मोजणी निम्म्याहून खाली आल्याचं कळलं होतं. तो सामान खाली ठेवतो न ठेवतो तोच त्यानं विचारलं, मी नव्हतो तेव्हा सगळं ठीक होतं ना? काही झालं नाही ना?

"काही नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

मग सासूनं सुनेकडे बघितलं. हातातली कात्री तिनं मशीनवर ठेवली, स्टूल पायानं मुलाकडे सरकवलं.

"झालं," ती म्हणाली. "बस. सांगते."